येसूर की 'रब'?

शनिवारी बाणेरला गच्चीवर चिकन ग्रिल करताना मी येसूर चोळला. बाजरी, हरभरा डाळ, धणे, मिरच्या भाजून आईने भरड दळलेला.

"कसला रब रे?"

"ऑनलाइन मिळतो."

खोटं का बोललो? येसूर मराठवाड्यात बऱ्याच घरांत असतो. पण आमच्याकडे तो चान्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या, रश्शाला लागतो. शाहू पाटोळेंनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'मध्ये २०१५ साली हे दलित स्वयंपाकघर लिहून काढलं. येसूर म्हटलं की पुढचा प्रश्न गावाचा, मग आडनावाचा. जात न सांगण्याचा हक्क माझा, मान्य. पण मसाला आईचा. तिचं श्रेय लपवायचा हक्क मला कुणी दिला?

रात्री तिचा फोन. "आवडला का त्यांना?"

"डबा रिकामा झाला."

"मग नाव विचारलं असंल की!"