दात्याचे पित्ताशय



१९८९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आईच्या यकृताचा तुकडा तिच्या बाळाला यशस्वीपणे बसवण्यात आला. तेव्हापासून अनेक आईबापांनी, मुलांनी, भावंडांनी असे दान केले आहे. दात्याचे यकृत काही महिन्यांत पुन्हा वाढते. परंतु त्याखालची पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय, बहुधा याच वेळी काढतात. ती पुन्हा येत नाही आणि रुग्णालाही मिळत नाही. टाकून दिली जाते. मग निरोगी माणसाचा हा अवयव काढणे योग्य आहे काय?

डॉक्टरांची बाजू समजून घेऊ. पित्ताशय यकृताच्या उजव्या व डाव्या भागांच्या सीमेवरच असते. उजवा भाग कापताना ते वाटेत येते. त्याच्या नळीतून औषध सोडून पित्तमार्गाचे चित्रही घेतात. रक्तपुरवठा तुटलेले पित्ताशय आत ठेवले तर दात्यालाच अपाय होईल. मात्र लहान बाळासाठी डाव्या कडेचा छोटा भाग घेताना छेद दूर असतो. तेथे ते राखता येते.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे उपयोगी पडते. संपूर्ण शरीराच्या हितासाठी एखादा भाग काढता येतो, हे तत्त्व पोप पायस बारावे यांनी १९५२ साली मांडले. यकृताचे दान या तत्त्वात बसत नाही. ते शेजारप्रीतीने समर्थनीय ठरते. दात्याचा धोका रुग्णाच्या हिताच्या प्रमाणात असावा, असे कॅथॉलिक धर्मशिक्षण सांगते. पण पित्ताशयाने कोणाचेच प्राण वाचत नाहीत. म्हणून त्याला प्रीतीचे कारण लागू पडत नाही. जुनेच तत्त्व लागू पडते. दात्याच्या सुरक्षिततेसाठी काढणे आवश्यक असेल तर ते योग्य; केवळ सोय किंवा सवय म्हणून काढणे योग्य नव्हे.

कोणी म्हणेल, ‘यकृत देणाऱ्याला पित्ताशयाचे काय एवढे? त्याविनाही माणूस जगतो.’ खरे आहे. काहींना जुलाबाचा त्रास होतो, इतकेच. परंतु दानाची सीमा दाता ठरवतो. उदार माणसाकडून न विचारता थोडे अधिक घेतले, तर त्या अधिकाला दान म्हणता येत नाही.

आपल्या देशाच्या १९९४ च्या कायद्यानुसार शस्त्रक्रियेचे परिणाम व धोके दात्याला समजावून सांगणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला, तर सही करण्यापूर्वी शांतपणे विचारावे: ‘पित्ताशय राखता येईल काय? नसेल, तर का?’ हा प्रश्न अविश्वासाचा नाही. रुग्णाचा जीव मोलाचा आहे, तसाच दात्याचा देहही देवाची देणगी आहे.