जीर्णोद्धाराचा अधिकार

"जुनें तें सोनें" असें म्हणणारा गृहस्थच दुसऱ्या श्वासांत "काळाप्रमाणें चाललें पाहिजे" असें म्हणतो, आणि या दोन वचनांत कांहीं विरोध आहे हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. ध्यानांत न येण्याचें कारण उघड आहे. कोणती वस्तु ठेवावयाची आणि कोणती टाकावयाची हा निर्णय आजवर बहुधा वस्तूच्या मालकाच्याच हातीं असे. आजीच्या पितळी पातेल्यास कल्हई लावून तें आणखी वीस वर्षें वापरावें कीं मोडींत घालावें, हें घरांत ठरे; तें घडविणाऱ्या कारागिराला त्यांत बोलण्याचा अधिकार नसे. परंतु आतां अशा वस्तु निपजल्या आहेत, कीं ज्यांच्या मरणाची तारीख त्यांचा कर्ताच जाहीर करितो, आणि वस्तु धडधाकट असूनही वापरणाऱ्याच्या हातांत हळूहळू निरुपयोगी होऊं लागते. अशा वेळीं त्यानें काय करावें? निमूटपणें नवी वस्तु घ्यावी, कीं टाकलेल्या वस्तूचा जीर्णोद्धार करावा? आणि असा जीर्णोद्धार करण्याचा त्याला अधिकार तरी आहे काय? या प्रश्नाचा विचार आम्ही एका लहानशा, आणि पुष्कळांस चमत्कारिक वाटेल अशा, उदाहरणावरून करणार आहों. तें उदाहरण म्हणजे ओएस/२ या नांवाची संगणकप्रणाली, आणि तिला आजच्या लॅपटॉपवर चालविण्यासाठीं धडपडणारी थोडकी मंडळी.

संगणकाचें यंत्र आणि त्यावर आपण करावयाचें काम यांच्यामध्यें कारभारी म्हणून जी व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावर बोट पडतांच अक्षर उमटविणें, स्मृतीचे वांटे करणें, कागदपत्रें जागच्या जागीं ठेवणें, हीं सर्व कामें ती पाहते. ओएस/२ ही आयबीएम व मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनीं भागीदारींत घडविलेली प्रणाली १९८७ सालीं जगापुढें आली. पुढें भागीदार विभक्त झाले; मायक्रोसॉफ्टनें आपलें सारें बळ विंडोजच्या मागें लाविलें, आणि ओएस/२ आयबीएमच्या पदरीं राहिली. १९९२ सालची तिची दुसरी आवृत्ति ३२ बिटांची होती, आणि एका वेळीं अनेक कामें एकमेकांस धक्का न लावतां चालविण्याची तिची हातोटी जाणत्यांनीं वाखाणिली. बँकांच्या पैसे देणाऱ्या यंत्रांत ती होती. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोकार्ड-व्यवस्थेंतही तिला स्थान मिळालें. परंतु घरोघर विंडोज पोंचलें आणि बाजाराचा कौल लागला. २००५ च्या डिसेंबरांत आयबीएमनें तिची विक्री थांबविली आणि ३१ डिसेंबर २००६ रोजीं देखभालही संपविली. कर्त्याच्या दृष्टीनें ती त्या दिवशीं वारली.

तिला नव्या लॅपटॉपवर बसविणें एवढें कठीण कां असावें? गीतेंत आत्मा जीर्ण देह टाकून नवा धारण करितो असें सांगितलें आहे. वरवर पाहतां येथेंही तोच प्रकार दिसतो. पण संगणकाचा आत्मा असा निर्लेप नसतो. ज्या देहांत तो जन्मला त्याच्या खुणा त्याच्या अंगांत भिनलेल्या असतात. यंत्र सुरू होतांच प्रथम जागी होणारी बायॉस नांवाची व्यवस्था १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली. नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय या निराळ्या व्यवस्थेनें घेतली आहे, आणि पुष्कळांत जुनीचा मागमूसही उरलेला नाहीं. ३२ बिटांच्या पत्त्यांनीं चार गिगाबाइटांपलीकडची स्मृति गांठतां येत नाहीं. आज साध्या लॅपटॉपांतही आठ किंवा सोळा असते. बिनतारी संपर्काचा, आवाजाचा, चित्राचा, प्रत्येक भाग नवा; प्रत्येकाशीं बोलण्यास ड्रायव्हर नांवाचा निराळा दुभाषी लागतो, आणि विस्मृतींत गेलेल्या प्रणालीकरितां तो पुरविण्याची तसदी कारखानदार कां घेतील? आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. या जातीच्या प्रोसेसरांत अधिकाराच्या शून्य ते तीन अशा चार पायऱ्या असतात. बहुतेक प्रणाली शून्य व तीन एवढ्यांवरच भागवितात. ओएस/२ दोन क्रमांकाचीही वापरते. म्हणून दुसऱ्या प्रणालीच्या पोटांत एक कल्पित संगणक उभारून त्यांत हिला नांदविणें, ही जी सोपी पळवाट, तीही दीर्घकाळ बिकट राहिली.

आतां पूर्वपक्ष ऐकूं. तो म्हणेल: "एवढा खटाटोप कशासाठीं? जुनें आहे एवढ्यावरून कांहीं चांगलें ठरत नाहीं, हें कालिदासानेंही मालविकाग्निमित्राच्या प्रारंभीं सूत्रधाराकडून वदविलें आहे. फुकट मिळणाऱ्या नव्या प्रणाली असतां मेलेलीच्या उशाशीं बसणें हा हट्ट आहे. आणि चारचौघांपेक्षां आपण निराळे आहों हें मिरविण्याची हौसही त्यांत थोडी आहे. शिवाय जुन्या घराच्या कुलपांना नव्या चोरांची माहिती नसते." या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. जुन्याच्या भक्तांत हट्टी व मिरवणारे पुष्कळ असतात. परंतु कांहीं भक्त दांभिक निघाले म्हणून भक्ति खोटी ठरत नाहीं. तिचा विचार स्वतंत्रपणेंच केला पाहिजे.

पहिली गोष्ट ही कीं, प्रणाली एकटी मरत नाहीं. तिच्या आधारानें उभें असलेलें सारें काम तिच्याबरोबर जातें. एखाद्या कारखान्याचें यंत्र आणखी वीस वर्षें चालण्याजोगें असतें, पण त्याला हुकूम सोडणारा प्रोग्रॅम जुन्या प्रणालीवांचून हलत नाहीं. मराठी वाचकांस याचा अनुभव दूर शोधावयास नको. १९८० च्या दशकांत कानपूरच्या आयआयटींत उगम पावलेलें आणि पुढें पुण्याच्या सी-डॅकनें वाढविलेलें जिस्ट कार्ड संगणकाच्या खांचेंत बसविलें, म्हणजे डॉस या जुन्या प्रणालीवरही देवनागरी अक्षरें उमटत. आजच्या लॅपटॉपला ती खांचच नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं निरनिराळ्या फाँटांत टंकलिखित केलेला मराठी मजकूर मूळचा फाँट नसेल तर रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा होऊन पुढें येतो. मोडीचे रुमाल वाचणारा मिळाला नाहीं तर काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस अधिक सांगणें नलगे. कागद शाबूत असतो. हरवते ती किल्ली. जुनी प्रणाली ही अशी एक किल्ली आहे, आणि किल्ली जपणाऱ्यास वेडा म्हणण्यापूर्वीं कुलपामागें काय आहे याची चौकशी करावी.

दुसरी गोष्ट, बाजाराचा निकाल हा गुणांचा निकाल नव्हे. अमुक वस्तु खपली नाहीं हें विधान आणि अमुक वस्तु वाईट होती हें विधान, यांत अंतर आहे. तें अंतर जो विसरला, त्यानें आपली विवेकबुद्धि दुकानदाराकडे गहाण ठेविली.

तरीही जीर्णोद्धार कसा करावा हा प्रश्न राहतोच, आणि येथें आम्हांस दोन मार्ग दिसतात. पहिला ओएस/२ च्या अनुयायांचा. त्यांपैकीं कांहींनीं काढलेल्या आर्का नोए या कंपनीनें आयबीएमशीं करार करून २०१७ सालीं आर्काओएस नांवानें तिची नवी आवृत्ति काढिली, आणि २०२३ च्या आवृत्तींत यूईएफआयच्या यंत्रांवरही ती उभी राहील अशी तजवीज केली. मात्र प्रणालीच्या गाभ्याची मूळ संहिता, जिला या धंद्यांत सोर्स कोड म्हणतात, ती त्यांच्या हातीं नाहीं. मुळांत ती दोन कंपन्यांची निर्मिति. ती खुली करावी अशी विनंति अनुयायांनीं केली असतां आयबीएमनें कायद्याच्या व तंत्राच्या अडचणी सांगून नकार दिला. तेव्हां या मंडळींची स्थिति, गाभाऱ्याचें दार बंद असतां सभामंडप, शिखर आणि ओवऱ्या यांची डागडुजी करणाऱ्या गवंड्यासारखी आहे.

दुसरा मार्ग हायकूचा. ॲपल सोडून आलेल्या झाँ-लुई गासे यांनीं १९९० सालीं काढलेल्या बी या कंपनीची बीओएस ही प्रणाली बाजारांत टिकली नाहीं, आणि २००१ सालीं कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीनें विकत घेतली. त्याच वर्षीं तिच्या चाहत्यांनीं ठरविलें कीं, मूळ संहिता मिळत नाहीं तर सारी प्रणाली आपणच पुन्हा लिहावी! पहिली बीटा आवृत्ति निघण्यास २०१८ साल उजाडलें. बहुतांशीं स्वयंसेवकांचें हें काम संहितेसह सर्वांस खुलें आहे, आणि नव्या लॅपटॉपांच्या बिनतारी संपर्काचे ड्रायव्हर त्यांनीं फ्रीबीएसडी व ओपनबीएसडी या इतर खुल्या प्रणालींकडून उसने आणिले आहेत.

येथें एक जुनाच तत्त्वप्रश्न उभा राहतो. मिलिंद राजास नागसेनानें विचारिलें होतें कीं, चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय? जिच्यांतील बहुतेक ओळ नवी, ती हायकू म्हणजे बीओएसच काय? हायकूच्या कर्त्यांनीं याचें उत्तर शब्दांनीं न देतां कृतीनें दिलें आहे. तिच्या ३२ बिटांच्या आवृत्तींत केवळ बीओएसचे जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून एक जुनाट कंपायलर आजवर सांभाळिला आहे. ६४ बिटांच्या आवृत्तींत मात्र तें ओझें उतरवून ठेविलें आहे. एका हातानें पितृऋण फेडावें आणि दुसऱ्या हातानें मुलांसाठीं घर बांधावें, असा हा व्यवहार आहे. यावरून आम्हांस वाटतें कीं, वस्तूचें तेंच-पण तिच्या द्रव्यांत नसून तिनें दिलेलीं वचनें पाळलीं जाण्यांत आहे.

मग वचनाची जबाबदारी कोणाची? कायदा सांगेल, कर्त्यानें दिलेल्या मुदतीपर्यंत कर्त्याची, नंतर कोणाचीच नव्हे. नीति एवढ्यावर थांबूं शकत नाहीं. ज्यानें आपली वस्तु लोकांच्या कामाच्या पायांत घातली, त्यानें ती जन्मभर सांभाळावी असें आम्ही म्हणत नाहीं. तें अन्यायाचें होईल. परंतु आपण घर सोडून जातांना कुलूप लावून किल्ली बरोबर नेणें, आणि मागें राहणाऱ्यांस किल्ली देऊन जाणें, यांत फरक आहे. भागीदारीच्या मालमत्तेंत किल्ली देणें कधीं कधीं खरोखरच हातीं नसतें, हें मान्य. म्हणूनच वस्तु घडवितांनाच तिच्या उत्तरकार्याचा विचार व्हावयास हवा.

निष्ठावंतांचीही कर्तव्यें आहेत. आपल्या निष्ठेचा खर्च त्यांनीं स्वतः सोसावा. लोकांची माहिती व पैसा ज्यांत गुंतला आहे, तेथें जुन्या कुलपाचा आग्रह धरूं नये. आणि आपण अमरत्व देत नसून आयुष्य वाढवीत आहों याचें भान ठेवावें. इंटेलनें २०२३ सालीं एक्स८६एस ही योजना मांडिली. तींत १६ बिटांच्या जुन्या पद्धतीबरोबर अधिकाराच्या एक व दोन क्रमांकांच्या पायऱ्याही काढून टाकावयाच्या होत्या. २०२४ च्या डिसेंबरांत ती मागें घेतली गेली. ती तशी पुढें गेली असती, तर ज्या पायरीवर ओएस/२ उभी आहे ती नव्या प्रोसेसरांतून नाहींशी झाली असती. जिचें जीवित दुसऱ्याच्या अशा एका निर्णयावर अवलंबून आहे, तिच्या सेवकांस गर्व शोभत नाहीं.

परंतु गर्व शोभत नाहीं म्हणून सेवा सोडावी असें होत नाहीं. देऊळ कोणी बांधलें याची नोंद शिलालेखावर असते. तें उभें कोणामुळें राहिलें याची नोंद बहुधा कोठेंच नसते. बांधणाऱ्याचा हक्क निर्विवाद आहे. पण तो निघून गेल्यावर जो रोज दिवा लावितो, त्याचाही हक्क कांहीं कमी नाहीं. आणि त्याला तो हक्क कोणाच्या सनदेनें नव्हे, तर त्याच्या रोजच्या श्रमानें मिळालेला असतो.