हौस पंक्चर होते तेव्हा

रविवारी पहाटे नाशिक-दिंडोरी रस्त्यावर हेल्मेटवाल्यांचे घोळके दिसतात. ढकांबे, दिंडोरी, ओझरखेडचं धरण मागे टाकत ते चाळीसेक किलोमीटरवरच्या वणीत पोचतात, चहा घेतात आणि परत फिरतात. ज्यांच्या पायांत अजून दम असतो, ते पुढे नांदुरी गाठतात. तिथून सप्तशृंगी गडाचा दहाएक किलोमीटरचा घाट सुरू होतो आणि गप्पा बंद पडतात.

या घोळक्यांतले चेहरे मात्र सारखे बदलत राहतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकली हातोहात खपल्या. त्यांतल्या कितीतरी आज गॅलरीत टॉवेल वाळवण्याच्या कामी येतात. याला आळस म्हणून मोकळं होता येतं, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. आळशी माणूस पहाटेचा गजर लावून वणीच्या वाटेला लागतच नाही. सायकल सोडणाऱ्यांत नेमाने जाणारे, काटेकोर नोंदी ठेवणारेही असतात. त्यांचं काय बिनसतं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीत झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं, तर काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी पाहिलं, तेव्हा आधी आमिष दाखवलेल्या मुलांची चित्रांतली गोडी चांगलीच आटली होती. अवचित बक्षीस मिळालेली मुलं मात्र पूर्वीसारखीच रमून रेघोट्या ओढत होती.

सायकलवाल्यांचं प्रशस्तिपत्र आता मोबाइलवर असतं. २००९ मध्ये सुरू झालेल्या, फेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावासारख्या अॅपमुळे रस्त्याचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्याची वेळ चारचौघांत लागली. घाटात समोरचा मार्कंड्या डोंगर बघायला थांबावं, तर सरासरी घसरते. द्राक्षांच्या हंगामात पिकअपमागे अडकलं, की फेरी ‘वाया’ जाते. मग आजारपण किंवा परीक्षेमुळे महिनाभर खंड पडला, की माणूस सायकलपेक्षा स्वतःच्या जुन्या आकड्यांनाच बिचकतो.

म्हणून आकडेच वैरी ठरवावेत, तर नाशिकचाच इतिहास आड येतो. २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पुरी केली. पुढच्या वर्षी नाशिकमध्ये असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ एकट्याने उतरले आणि त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. २०१७ मध्ये ते पुन्हा गेले आणि बारा दिवसांच्या मुदतीत पोचले. एकेरी गटात ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय; त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पुरी केली. अशा शर्यतीत घड्याळ क्षणभरही पाठ सोडत नाही. पण ते घड्याळ त्यांनी स्वतः मागून घेतलेलं होतं. रविवारच्या हौशी माणसाच्या मानेवर ते बहुधा शेजाऱ्याने बसवलेलं असतं.

हरवलेली गोडी परत आणणाऱ्यांच्या वाटा त्यामुळे वेगवेगळ्या असतात. एखाद्याला नवं, अवघड, पण स्वतः निवडलेलं ध्येय लागतं. दुसऱ्याला सोबत पुरते. नाशिकहून आषाढीआधी पंढरपूरला सायकल वारी निघते. तिथे कोण पहिला आला, याला काही अर्थच नसतो. काहींना निमित्त लागतं: भाजी, दूध, मुलीची शिकवणी. सायकलीला काम मिळालं, की रोज मनाची समजूत घालावी लागत नाही.

वणीकरांना हे नवं वाटू नये. चैत्रोत्सवात खानदेशातून उन्हातान्हात पायी गडावर येणारे भाविक ते वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. त्यांना चढाचा वेग कुणी विचारत नाही, आणि पुढच्या चैत्रात ते पुन्हा येतात. नाशिकच्या एखाद्या गटाने महिन्यातली एक फेरी अॅप बंद ठेवून काढायला हरकत नाही: वणीपर्यंत सगळे, गड ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आणि चहाला घाई नाही.