माशातला बाप

लूक ११:११

मासा व साप ह्यांविषयी प्रभूने बापांस केलेला प्रश्न आपण पुष्कळदा वाचितो; परंतु माशांतही बाप असतो, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

चांदूर बाजाराहून समुद्र फार दूर. आपल्याकडील तळ्याधरणांतला तिलापी मासा मात्र पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात आई अंडी व पिले तोंडात सांभाळिते. समुद्रात ह्याच्या उलट चालीचा एक लहानसा मासा आहे. तो प्रवाळाच्या खडकांत राहतो. तसले प्रवाळ आपल्या महाराष्ट्रात मालवणापाशी आहेत, व १९८७ साली तेथील समुद्राचा काही भाग अभयारण्य म्हणून राखून ठेविला. ह्या माशाच्या कित्येक जाती तांबड्या, म्हणून रोमी मंडळीतील कार्डिनलांच्या झग्यावरून त्यास कार्डिनल मासा म्हणतात. नाव कोणाचेही असो, आम्हांस त्याचे काम पाहावयाचे आहे.

हा बहुधा बोटाएवढाच. दिवसा कपारीत दडून राहतो. अंधार पडताच बाहेर निघून आपल्या मोठ्या डोळ्यांनी पाण्यातील बारीक जीव हेरून खातो, आणि पहाटे पुन्हा त्याच कपारीस येतो. मादीने अंडी घातली की नर ती सर्व आपल्या तोंडात घेतो. पिले निघेपर्यंत, म्हणजे आठवडाभर किंवा त्याहून अधिक, तो ती तोंडातच खालीवर करून त्यांस ताजे पाणी पोहोंचवितो. तोंड भरलेले, मग खाणार कसे? रात्र होते, सोबती चरावयास जातात, हा उपाशीच असतो.

तथापि आम्ही त्यास साधू ठरवीत नाही. कधी कधी हाच बाप ती अंडी गिळूनही टाकितो. सांभाळणारे तोंड व गिळणारे तोंड एकच.

हे कळले तेव्हा आम्हांस आपलीच गावे आठवली. बाप चांदूर बाजारी कापूस विकून घरी निघतो. खिशात मुलीच्या वह्यापुस्तकांचे पैसे असतात, आणि वाटेत दारूचे दुकान लागते. रात्री तो रिकाम्या हाताने दारात उभा राहतो. लेकरू काही विचारीत नाही, कारण त्यास सवय झाली आहे. अशा बापास, तू आपली अंडी गिळलीस, असे उपदेशकाने म्हणावे काय? म्हणावे, पण व्यासपीठावरून नव्हे, आणि आधी एकदा त्याच्यासोबत त्या दुकानावरून चालत जावे. एकट्याला तो रस्ता फार लांब होतो. येत्या बाजारी मंडळीतल्या दोघा वडिलांनी अशा बंधूबरोबर जावे, व कापसाचे पैसे हाती येताच पहिल्याने वह्या घ्याव्या.