एकशे वीस घोडे, स्वतःच्या वापरासाठी

माणसाला पुरेसं म्हणजे किती, हा प्रश्न आपल्या ऋषिमुनींनी अरण्यात बसून सोडवला. त्यांना ते जमलं, कारण अरण्यात मोटारींची शोरूम नव्हती. आम्हाला तोच प्रश्न मौद्यात, बँकेच्या कर्जाच्या टेबलाशी बसून सोडवावा लागतो. अर्जाबरोबर गाडीचं माहितीपत्रक येतं, त्यात अश्वशक्तीची ओळ असते, आणि त्या ओळीपाशी बापलेकांचं हमखास वाजतं.

अलीकडचीच एक जोडी सांगतो. बाप धानाचा शेतकरी, मुलगा नुकताच नोकरीला लागलेला. गाडी ठरली होती : रांजणगावला तयार होणारी टाटांची नेक्सॉन. म्हणजे बाहेरून जीपचा आव आणि आतून मोटारीचा स्वभाव. अडलं होतं ते इंजिनपाशी. त्यांच्या हातात 2023 सालच्या नव्या रूपाचं माहितीपत्रक होतं. पेट्रोलचं इंजिन 120 अश्वशक्तीचं, डिझेलचं 115.

"आपल्याले एकशेवीसच पाह्यजे, बाबा," मुलगा म्हणाला.

"लेका, आपल्या घरी दोन बैल होते. त्याईच्यावर मी सहा एकर वाह्यली. एकशेवीस घोडे बांधशीन कुठी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुळात हा घोडा आपल्या मागे लावला तो जेम्स वॉटने. त्याला वाफेची यंत्रं खपवायची होती आणि गिऱ्हाइकांच्या दारात घोडे होते. तेव्हा 'माझं यंत्र इतक्या घोड्यांचं काम करतं' हे सांगणं त्याला सोयीचं पडलं. म्हणजे अश्वशक्ती हे माप जन्मलं तेच दुकानदारीच्या घरात. आपल्या माहितीपत्रकांतला घोडा म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणारा. 75 किलो म्हणजे साधारण एक सुखवस्तू कारकून. तेव्हा 120 अश्वशक्तीचं इंजिन सेकंदाला एकशेवीस कारकून खुर्चीतून मीटरभर उचलू शकतं. हे आजवर एकाही शाखाधिकाऱ्याला जमलेलं नाही.

तसं पाहिलं तर मौदेकरांना घोड्यांचं अप्रूप नसावं. इथल्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2320 मेगावॅट. मी मधल्या सुट्टीत भागाकार केला, साडेएकतीस लाख घोडे निघाले! एवढा तबेला शेजारी असून माझ्या वाट्याला रात्री त्यातल्या एका घोड्याचा दहावा हिस्सा येतो, आणि तो छताच्या पंख्यात फिरतो. मला झोप उत्तम लागते. पुरेसं म्हणजे किती, याचं एक उत्तर माझ्या छताला टांगलेलं आहे.

पण गाडी घेताना माणूस छताकडे बघत नाही, शेजाऱ्याकडे बघतो. सरकारलाही हे ठाऊक असावं. म्हणून लहान गाडी म्हणजे केवढी, हे सरकारने स्वतःच ठरवून टाकलं. 2006 सालच्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं, त्या वेळची व्याख्या अशी : लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, डिझेल 1500 च्या आत. पुढे जीएसटी आला, पण ही मापं टिकली. 22 सप्टेंबर 2025 पासून या मापात बसणाऱ्या गाडीला 18 टक्के कर आणि न बसणारीला 40 टक्के. मग नेक्सॉन किती लांब? 3995 मिलिमीटर. इंजिन? पेट्रोल 1199, डिझेल 1497 सीसी. नाशिकची महिंद्रांची एक्सयूव्ही थ्री एक्सओ घ्या : 3990 मिलिमीटर, 1197 आणि 1497. बाटाच्या दुकानातले जोडेही किमतीच्या बाबतीत इतके शिस्तीत नसतात. या गाड्यांचं माप शिंप्याने नव्हे, अर्थखात्याने घेतलंय. बाहेरून दांडगट दिसणारी ही गाडी कायद्याच्या उंबऱ्याआत पाच मिलिमीटर पोट आत घेऊन उभी आहे, हे कळल्यापासून मला तिच्याविषयी आपुलकी वाटू लागली.

बापाला मी दुसरी ओळ दाखवली. टॉर्क. पेट्रोलचा 170 न्यूटन-मीटर, डिझेलचा 260. अश्वशक्ती म्हणजे काम किती झपाट्याने उरकतं ते. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्यातला पीळ, ओढ. पेट्रोलचे 120 घोडे सगळेच्या सगळे हजर होतात ते इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेईल तेव्हा. डिझेलची पूर्ण ओढ 1500 फेऱ्यांपासूनच मिळते.

"म्हंजे डिझेलचा बैल आहे अन् पेट्रोलचा घोडा," बाप म्हणाला. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत शिकवतात ते त्याने एका वाक्यात उरकलं. "मंग शंकरपटाचा बैल कोनी नांगराले जुंपते काय?"

2023 साली सर्वोच्च न्यायालयाने शंकरपटाला परवानगी दिली, तेव्हापासून इकडे या भाषेला पुन्हा धार आली आहे.

मुलगाही काही चुकीचं बोलत नव्हता. भंडारा रोडवर ट्रकच्या मागे अडकल्यावर पुढे निघायला जोर लागतो. तो नसेल तर निम्म्या वाटेत समोरून दुसरा ट्रक येतो आणि तत्त्वज्ञान तिथेच संपतं. बँकसुद्धा रोजच्या व्यवहाराला लागतात त्याहून थोडे पैसे तिजोरीत जास्त ठेवते. ती चैन नव्हे. पण राखीव रक्कम म्हणून कोणी अख्खी रिझर्व्ह बँक घरी नेत नाही.

मी बापाला विचारलं, घरात कधी गाडीवाचून अडलं होतं का? तो जरा वेळ गप्प राहिला.

"एकदा. माय आजारी होती. रात्री गुरुजीची मारुती एट हंड्रेड मांगून नागपूरले नेली."

"मग? पोचली गाडी?"

"गाडी बरोबर पोचली जी. आम्हीच उशिरा निघालो. रात्री कोनाचं दार कसं ठोठावा, ह्याच्यातच दोन घंटे गेले."

मारुती एट हंड्रेडचं इंजिन 796 सीसीचं, घोडे चाळिसाच्या आतले. तेवढ्यांनी तीसपस्तीस किलोमीटर निभावलं. कमी पडलं ते दार ठोठावण्याचं बळ, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

मला वाटतं, पुरेसं म्हणजे किती याचा हिशेब आपल्या सर्वांत रुबाबाच्या दिवसावरून करू नये, सर्वांत वाईट दिवसावरून करावा. वाईट दिवसाला लागते दारात उभी असलेली, टाकीत तेल असलेली, ट्रकला मागे टाकण्याइतका जोर असलेली गाडी. त्याच्या वरचे घोडे वरातीचे. वरातही काढावी, माझी हरकत नाही. फक्त हप्ता इतका नसावा की तेलाला पैसे उरू नयेत आणि एकशेवीस घोडे अंगणात उपाशी उभे राहावेत.

एवढं सगळं ऐकून बापलेकांनी कुठलं इंजिन घेतलं ते सांगत नाही, बँकेत गुप्तता पाळावी लागते. अर्जात 'कर्जाचं कारण' असा रकाना असतो. त्यात सगळे लिहितात तेच त्यांनीही लिहिलं : स्वतःच्या वापरासाठी. त्यातले किती घोडे वापराचे आणि किती मिरवायचे, हे विचारणारा रकाना आमच्या बँकेने छापलेला नाही. छापला तर तो प्रामाणिकपणे भरणारा माणूस बहुधा सायकलवरूनच घरी जाईल, आणि आमचं कर्जवाटपाचं उद्दिष्ट त्याच्या मागच्या कॅरिअरवर बसून निघून जाईल.