मानोहाची प्रार्थना
पहिल्या अपत्याची वाट पाहणाऱ्या घरांसाठी

शास्त्रपाठ : शास्ते, अध्याय १३ वा, विशेषतः वचने ८ ते १४



सरा गावचा मानोहा हा दान वंशातील एक साधा गृहस्थ होता. त्याची बायको निपुत्रिक होती. एके दिवशी परमेश्वराच्या दूताने तिला दर्शन देऊन सांगितले की तुला पुत्र होईल. तिने ते घरी येऊन नवऱ्यास सांगितले. अशी वार्ता ऐकून मनुष्य काय करतो? कोणी गावात पेढे वाटतो, कोणी नवस फेडण्याचा विचार करतो, कोणी मुलाचे नाव शोधू लागतो. मानोहाने यांपैकी काहीच केले नाही. त्याने गुडघे टेकले आणि देवाजवळ एवढेच मागितले की, जो मुलगा जन्मास येणार आहे त्याच्यासाठी आम्ही काय करावे हे आम्हांस शिकव.

ही प्रार्थना लक्षात घेण्याजोगी आहे. देवाने आपल्या मुलाचा सांभाळ करावा, असे मानोहा म्हणत नाही. सांभाळ कसा करावा हे आम्हांस शिकव, असे तो म्हणतो. आणि तेही मूल जन्मण्यापूर्वी. पवित्र शास्त्रात पुत्रासाठी केलेल्या प्रार्थना पुष्कळ आहेत. परंतु येणाऱ्या पुत्रासाठी आधी धडे मागणारा बाप आम्हांस हाच आढळतो.

आता आमची स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आषाढात आम्ही वीर गावाजवळच्या एका वाडीवर गेलो होतो. मंडळीतील एका घरी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सासर पोलादपूरच्या बाजूस, डोंगरात. आम्ही शास्त्र वाचले, तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. महिन्याभराने तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण घरी आली. पाचव्या दिवशी दुपारपासून बाळ अंगावर घेईना. हात-पाय गार पडले. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, रडून थकली आहे, निजू द्या. रात्री घरच्यांस भीती वाटू लागली, परंतु महाडात मुलांच्या कोणत्या डॉक्टरांकडे जावे हे एकासही ठाऊक नव्हते, गाडी कोणाची मागावी हे ठरले नव्हते, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. उजाडल्यावर निघू असे ठरले. उजाडल्यावर निघाले. महाड येण्याआधी ते लेकरू आईच्या मांडीवर गेले.

त्याचे दफन आम्हीच केले. पेटी इतकी लहान होती की बापाने ती एकट्याने उचलून आणली. त्या घरात प्रार्थनेची उणीव नव्हती. उणीव एका प्रश्नाची होती, आणि तो महिन्यापूर्वी विचारण्याचे काम आमचे होते. त्या दिवसापासून मानोहाची प्रार्थना आम्ही निराळ्या रीतीने वाचतो. तिच्यातून तीन गोष्टी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. मानोहाने मुलाविषयी विचारले. उत्तर मात्र आईविषयी मिळाले. मुलासाठी काय करावे, या प्रश्नास दूताने उत्तर दिले ते असे की, त्या स्त्रीने द्राक्षारस व मद्य घेऊ नये, अमंगळ काही खाऊ नये, आणि तिला जे सांगितले आहे ते तिने सर्व पाळावे. म्हणजे मुलाची काळजी पाळण्यापाशी सुरू होत नाही. ती आईच्या ताटापाशी सुरू होते. आमच्याकडे द्राक्षारस नसेल, पण मशेरी आहे. दात घासण्याच्या नावाखाली ती दिवसातून चार वेळा तोंडात जाते, आणि तिच्यातील तंबाखूचे विष नाळेवाटे गर्भास पोहोचून मूल अशक्त व कमी वजनाचे होते. दूत आज वीर गावी आला असता तर मद्याबरोबर मशेरीचेही नाव त्याने घेतले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

तसेच, फार खाल्ले तर मूल मोठे होईल आणि बाळंतपण जड जाईल, ही समजूत सोडून द्या. गर्भवतीने नेहमीपेक्षा अधिक खावे : डाळ, नाचणी, पालेभाजी, अंडी, मासळी, जे घरी असेल ते. दिवस राहिल्याचे समजताच, बारा आठवड्यांच्या आत, आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे व माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. प्रसूतीपूर्वी निदान चार तपासण्या व्हाव्यात; त्यांत वजन, रक्तदाब, रक्त व लघवी पाहिली जाते. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज घ्यावी. शौचास काळे होते म्हणून ती फेकून देऊ नये; काळे होणे हा गोळीचा गुण आहे, अपाय नव्हे. धनुर्वाताची लस घ्यावी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, ती तारीख चुकवू नये. आणि रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हातांवर सूज, झटके, ताप, वेळेआधी पाणी जाणे, अथवा पोटातील बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही झाले तर त्याच घटकेस निघावे.

दुसरी गोष्ट. दूत पुन्हा आला तेव्हाही तो शेतात बसलेल्या त्या स्त्रीकडेच आला. ती धावत जाऊन नवऱ्यास बोलावून आली, आणि मानोहा उठून आपल्या बायकोच्या मागे गेला. आमच्या गावांत बायको नवऱ्याच्या मागून चालते. येथे नवरा बायकोच्या मागून चालला, कारण देवाचे शिक्षण तिला आधी मिळाले होते. त्यात मानोहाचा मान गेला नाही. ज्या बापांस तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या दारात उभे राहण्याची लाज वाटते, त्यांनी हे वचन वाचावे.

शहरांतील पुष्कळ इस्पितळांत आता पहिलटकरणींसाठी वर्ग भरतात. कळा येऊ लागल्यावर श्वास कसा घ्यावा, चालणे-फिरणे किती असावे, बाळास छातीशी कसे धरावे, हे तेथे शिकवतात, आणि नवऱ्यासही सोबत बसवतात. खेड्यात तसा वर्ग नसेल. पण अंगणवाडीत दर महिन्यास भरणारा आरोग्य व पोषण दिवस आहे, परिचारिका आहेत, आशाताई आहेत. देवाच्या मंडळीला हे नवीन नाही. मरीया दिवस राहिल्यावर डोंगराळ मुलखातील अलीशिबेकडे गेली व सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. त्या घरी एक वयस्क व एक तरुण अशा दोन गर्भवती स्त्रिया एका छपराखाली होत्या; तो आमच्या मते ख्रिस्ती मंडळीतील पहिलाच वर्ग होय. उपदेशक बंधूंनो, महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर एक तास राखून ठेवा. परिचारिकेस आदराने बोलवा. गर्भवती, तिचा नवरा आणि तिची सासू किंवा आई अशा तिघांस बसवा. सासूबाईंना वगळू नका. मूल जन्मल्यावर त्याच्या मुखी पहिली वस्तू काय जावी हे बहुधा त्याच ठरवतात. मध नको, गुटी नको, पाणीही नको. तासाच्या आत आईचे दूध, आणि पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये. ती मुलाची पहिली लस आहे. सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नये. नाळेस हळद, राख, तेल लावू नये. जन्मताच न्हाऊ घालू नये; कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी ऊब द्यावी.

तिसरी गोष्ट. मानोहाने आधी विचारले. मूल आजारी पडल्यावर डॉक्टर शोधणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. म्हणून सातव्या महिन्यातच, माहेर जेथे असेल तेथील मुलांचा डॉक्टर पाहून ठेवावा, आणि बाळ सासरी जाण्यापूर्वी तिकडचाही. तो कसा निवडावा? पाटीवरील अक्षरे मोठी आहेत म्हणून नव्हे. बालरोगाचे शिक्षण घेतलेला असावा. तसा जवळ नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आहेत. एकदा समक्ष जाऊन विचारावे : रात्री बाळ आजारी पडले तर दार कोण उघडतो? आपल्याकडून होण्यासारखे नसेल तर आपण कोठे पाठवता? फी किती? लसी कार्डावर लिहून देता का? जो या प्रश्नांनी चिडतो, तो मध्यरात्री घाबरलेल्या आईशी कसा बोलेल? जो डबाबंद दुधाची घाई करीत नाही, आईस समजेल अशा शब्दांत सांगतो आणि गरिबास बसावयास सांगतो, तो निवडावा. एकदा निवडल्यावर तीन दारी फिरू नये. भगताच्या दारी तर नाहीच.

त्यातही आमचा मुलूख पावसाचा. १९९३ साली कोकण रेल्वे वीरपर्यंत आली व बाहेरचे जग जवळ आले. परंतु सावित्री नदी आपला स्वभाव विसरलेली नाही. २०१६ च्या ऑगस्टात महाड-पोलादपूर मार्गावरील तिचा जुना पूल एका रात्रीत वाहून गेला. २०२१ च्या जुलैत महाड शहर पाण्याखाली गेले आणि तळिये येथे दरड कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. ज्या घरी आषाढ-श्रावणात बाळंतपण यावयाचे आहे, त्याने दिवस भरण्याआधीच दवाखान्याजवळ नातलगाच्या घरी मुक्काम हलवावा. १०८ व १०२ हे क्रमांक भिंतीवर लिहावे, शेजारच्या गाडीवाल्यास सांगून ठेवावे, दोन जोडी कोरडी बाळंती आणि कार्ड एका पिशवीत बांधून ठेवावे. शासकीय रुग्णालयात प्रसूती, औषधे व ने-आण यांस पैसा पडत नाही. आजारी अर्भकासही ही सवलत आहे.

आणि पुढील खुणा पाठ करा, जशा आज्ञा पाठ करता : बाळ दूध ओढत नाही, अंग लुळे पडले आहे, हात-पाय व पोट गार आहेत किंवा ताप आहे, श्वास मिनिटास साठ किंवा त्याहून अधिक आहे, अथवा छाती आत ओढली जाते, पहिल्याच दिवशी पिवळे पडले, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत आला, बेंबीतून पू येतो, झटके येतात. यांपैकी एक दिसले तरी उजाडण्याची वाट पाहू नका.

हे ज्ञान खेडुतांच्या हाती राहू शकते काय? राहू शकते. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉक्टर अभय व राणी बंग यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले, आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. हे १९९९ साली जगापुढे प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी व पुढेही दारी येतात, त्याचे मूळ त्या खेड्यांत आहे. त्यांस दारातून परत पाठवू नका. इजिप्तात इब्री बालकांस वाचवणाऱ्या शिप्रा व पुवा या सुइणींचे देवाने कल्याण केले, हे निर्गमाच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे.

कोणी म्हणेल, एवढी तयारी करणे म्हणजे देवावर अविश्वास नव्हे काय? ज्याने शुभवर्तमान लिहिले त्या लूकास प्रेषित पौल प्रिय वैद्य म्हणतो. आणि आमच्याच महाराष्ट्रातील एक आई आठवा. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल त्या चौदा वर्षांच्या असता झाले व दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्यांनी उपचार शिकण्याचा निश्चय केला, आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई जातीने हजर होत्या. दहा दिवसांच्या बाळाचे मरण ही दैवाची लेखणी आहे, सटवाईने कपाळी लिहिलेले आहे, असे मानून त्या बसल्या असत्या तर?

शेवटी मानोहाच्या बायकोकडे पुन्हा पाहा. दूत ज्वालेतून वर गेला तेव्हा मानोहा घाबरून म्हणाला, आता आपण मरणार. बायको म्हणाली, परमेश्वराला आपणांस मारावयाचे असते तर त्याने हे सर्व आपणांस दाखवले नसते. प्रियजनहो, हाच आमचा विश्वास. ज्या देवाने आम्हांस इतके शिकू दिले, त्याची इच्छा आमची लेकरे जगावी अशीच आहे. शिकूनही काही घरी दुःख येईल. त्या घरी दोष देत जाऊ नका, रडत बसावयास जा. परंतु न शिकल्यामुळे आलेले दुःख यापुढे आमच्या मंडळीत नसावे.

उपदेशक बंधूंनो, गर्भवतीच्या घरी प्रार्थना करून उठण्यापूर्वी विचारा : कार्ड कोठे आहे? कोणत्या डॉक्टरकडे जाणार? गाडी कोणाची? आम्ही ते एकदा विचारले नाही. तुम्ही विचारा.

हे आमच्या पित्या, जी लेकरे येणार आहेत त्यांच्यासाठी आम्ही काय करावे हे आम्हांस शिकव, आणि शिकलेले पाळावयास बळ दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.