पाहणे, राखणे आणि देणे

मनुष्याची वस्तूवर तीन प्रकारांनी सत्ता चालते : तो तिचा उपभोग घेतो, तो ती राखतो आणि तो ती दुसऱ्याला देतो. या तिन्ही सत्ता एकाच्याच ठायी असल्या म्हणजे त्यास आपण मालक म्हणतो. पण त्यांची फारकतही नित्य होत असते. भाडेकरूला उपभोग असतो, पण दान करण्याचा अधिकार नसतो. विश्वस्ताकडे जतन असते, पण उपभोग नसतो. आंतरजालावरून चित्रपट भाड्याने घेऊन घरबसल्या पाहण्याची जी रीत आता रुळली आहे, तिच्यात यांपैकी पहिली सत्ता पूर्वी कधी नव्हती इतकी सुलभ झाली आहे, आणि उरलेल्या दोन मात्र आपल्या हातून निसटल्या आहेत. हा सौदा लाभाचा की हानीचा, याचा निवाडा केवळ रुपया-आण्यांच्या हिशेबाने होण्यासारखा नाही.

प्रथम लाभ मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. येथील मराठी भाषा घराघरांत राहिली. तिच्या चित्रपटांची मोठी पेठ मात्र सरहद्दीपलीकडे पडली. एखादा मराठी चित्रपट येथील चित्रगृहात लागेल की नाही, आणि लागलाच तर किती दिवस टिकेल, हे ठरविणे प्रेक्षकाच्या हाती नसते. निपाणीच्या रसिकाला कोल्हापूर जवळ आहे. पण टिळकवाडीच्या रेल्वे गेटापर्यंत चालतानाही ज्यांचे गुडघे कुरकुरतात, अशा वडीलधाऱ्यांनी काय करावे? त्यांना आज अल्प मोबदल्यात तोच चित्रपट आपल्या खुर्चीत बसून पाहता येतो. बहुधा अट अशी असते की, तीस दिवसांच्या आत पाहण्यास आरंभ करावा, आणि आरंभ केल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत तो पुरा करावा. मुदत संपली की पडदा मिटतो. या अटीत मला काहीही अन्याय्य दिसत नाही. अट आधी सांगितलेली आहे, मोबदला ठरलेला आहे, आणि चित्रपटगृहाचे तिकीट तरी दुसरे काय होते? तेही अडीच-तीन तासांपुरते भाडेच.

मात्र जुन्या भाड्यात आणि या भाड्यात एक सूक्ष्म भेद आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचे छप्पन्नावे कलम असे सांगते की, परवाना साधारणतः ज्याचा त्यानेच वापरावयाचा, तो दुसऱ्याला देता येत नाही. परंतु सार्वजनिक करमणुकीच्या जागी जाण्याचा परवाना, उलट हेतू दिसत नसेल तर, खुशाल दुसऱ्याला द्यावा. हा कायदा जागेपुरता आहे, पडद्यावरच्या छायेला तो लागू नाही, हे खरे. पण त्या अपवादात केवढे शहाणपण आहे! ऐनवेळी घरी पाहुणे आले, तर आपले तिकीट शेजाऱ्याच्या मुलाला देता यावे, हे त्या रुक्ष कायद्यालाही उमगले होते. पुढे १९८० नंतरच्या काळात रात्रीपुरता व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणल्या जात, तेव्हा भाडे एक घर भरी आणि अर्धी गल्ली सतरंजीवर येऊन बसे. आजचे भाडे खात्याशी बांधलेले असते. माझ्या खात्यावरचा चित्रपट मी शेजाऱ्याला नेऊ देऊ शकत नाही, भाचीला पाठवू शकत नाही. पाहण्याची सोय वाढली, पण देण्याची मोडली.

तरीही, भाड्याला भाडे म्हटले आहे तोवर माझी तक्रार नाही. खरा नैतिक प्रश्न त्याच पानावर शेजारी असलेल्या दुसऱ्या शब्दाचा आहे : ‘विकत घ्या’. अधिक पैसे भरून जो ‘विकत’ घेतो, त्यालाही पुष्कळदा मिळतो तो पाहण्याचा परवानाच. २००९ च्या जुलै महिन्यात ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या, विक्रेत्यापाशी हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत दिले, हे खरे. पण पुस्तकविक्रेता पैसे घेऊन रात्री आपल्या कपाटाशी येऊ शकतो, ही कल्पना तोवर कोणाच्या मनाला शिवली नव्हती. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने विक्रेत्यावर असे बंधन घातले आहे की, देत असलेली वस्तू परवाना असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज ‘विकत घ्या’ हे शब्द वापरू नयेत. विधिमंडळाला शब्दांची राखण करावी लागावी, यातच सारे आले. भाडे घेणे प्रामाणिक आहे. भाड्याला विक्री म्हणणे प्रामाणिक नाही.

येथे एखादा विचारी वाचक म्हणेल, ‘आपल्या परंपरेने तर अपरिग्रह हा गुण मानला आहे. कपाटे भरून ठेवण्याचा मोह सुटला, तर वाईट काय?’ आक्षेप वजनदार आहे. परंतु अपरिग्रह म्हणजे जे राखता आले असते ते आपण होऊन सोडणे. ज्याला राखण्याची मुभाच नाही, त्याने काय सोडले? रित्या हाताला त्यागी म्हणता येत नाही, तसेच त्याला दाताही होता येत नाही. शिवाय परिग्रह नाहीसा झालेला नाही; तो केवळ अनेकांच्या कपाटांतून मोजक्या कंपन्यांच्या कोठारांत गेला आहे.

आणि कोठारवाल्यावर जतनाचे कर्तव्य कोणी घातले आहे? ‘आलम आरा’ हा १९३१ सालचा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा १९३२ चा मराठी बोलपट आजही पाहता येतो. एक वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या या दोन कृतींत भेद गुणांचा नव्हे, राखणीचा आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, ते याच जाणिवेतून. तेथेही २००३ च्या जानेवारीत आग लागून जुन्या चित्रफिती नष्ट झाल्या. एकाच जागी सारी ठेव असण्याचा धोका त्या आगीने दाखविला.

पु. ल. देशपांडे यांनी आमच्या येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन केले. त्यांचा ‘गुळाचा गणपती’ १९५३ चा. आपल्या कायद्याने चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांचा. म्हणजे २०१३ च्या अखेरीस तो चित्रपट जनतेचा झाला. पण कायद्याने जनतेला हक्क दिला तरी प्रत दिलेली नसते. ती कोणीतरी राखलेली असावी लागते. आज निघणारा चित्रपट जर केवळ भाड्यानेच मिळत राहिला, तर साठ वर्षांनी हक्क खुला होईल त्या दिवशी लोकांच्या हाती एकही प्रत नसेल. कोठारात जागा मागणीप्रमाणे मिळते. मराठीची मागणी थोडी, कोंकणीची त्याहून थोडी. २४ एप्रिल १९५० रोजी ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी चित्रपट झळकला. अशा कृतींची काळजी बाजाराने वाहावी, ही अपेक्षा बाजारावरही अन्यायच आहे.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. राज्ये बदलली, पण ग्रंथ हातोहात फिरत राहिले; कारण विकत घेतलेला ग्रंथ वाचनालयाचा होतो आणि तो कोणालाही देता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्वहक्क कायद्यातही नफा न पाहणाऱ्या ग्रंथालयाला कायदेशीरपणे मिळविलेली चित्रपटाची प्रत वाचकांना देण्याची मोकळीक स्पष्ट झाली आहे. परंतु प्रत विकलीच गेली नाही, तर ग्रंथालयाने द्यावे काय? कायद्याने दार उघडे ठेवले आहे. व्यवहाराने त्याच्यापुढे भिंत बांधली आहे.

म्हणून भाड्याचा चित्रपट सोडा, असे मी म्हणणार नाही. मीही तो पाहतो. एवढेच म्हणेन की, उपभोग भाड्याने घेता येतो, पण जतन भाड्याने घेता येत नाही. जो चित्रपट पुढच्या पिढीने पाहावा असे मनापासून वाटते, त्याची तबकडी मिळत असेल तर ती घ्यावी आणि वाचनालयाला द्यावी. निर्मात्यांनी एक प्रत संग्रहालयाकडे सोपवावी. आणि विक्रेत्याने परवान्याला परवाना म्हणावे. आपल्या वडिलांनी आपल्यासाठी जे ठेवले, ते त्यांच्या हाती होते म्हणून ठेवता आले. आपण मुलांसाठी काय ठेवणार, हा प्रश्न अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीत मावणारा नाही.